पाणी, बस, शाळा: एका माणसाच्या हाती की समितीच्या? (सोलापूर, महापालिका निवडणुकीआधीची चर्चा, २०२५ अखेर)

कन्नाचौककर

मार्च २०२२ ला आपल्या महापालिकेची मुदत संपली, तेव्हापासून आयुक्तच प्रशासक आहेत. आता सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२६ पर्यंत निवडणुका उरकायला सांगितल्यात. म्हणजे १०२ नगरसेवक, महापौर, स्थायी समिती, परिवहन समिती हे सगळं परत इंद्रभवनात, म्हणजे महापालिकेच्या इमारतीत येणार. ते यायच्या आधी एका प्रश्नावर बोलू या.

पाणी, बस, कचरा, दवाखाने, शाळा ही रोजची कामं एका जबाबदार माणसाच्या हाती असावीत, की समितीच्या?

मी एका माणसाच्या बाजूनं आहे. समितीनं काम बिघडवलं की दोष कोणालाच लागत नाही. ज्याला विचाराल तो म्हणतो, "मी तर बोललो होतो, पण ठराव बहुमतानं झाला." उजनी धरण शंभर टक्के भरलेलं असतं आणि आपल्या नळाला तरी पाणी चार-पाच दिवसांआड. ह्याला जबाबदार कोण, एक नाव सांगा म्हटलं तर सोलापुरात कोणालाही सांगता येत नाही. माझा सगळा राग तिथं आहे. एक नाव असावं, एक फोन असावा, आणि काम नाही झालं तर त्याच माणसानं उत्तर द्यावं.

तुमचे अनुभव लिहा. पक्षाचं राजकारण नको.

शेळगीचा_आप्पा

एक माणूस म्हणजे कोणता? निवडून आलेला की बदलून आलेला? आधी ते ठरवा, मग पुढं बोलू.

सुलभा_जुळेसोलापूर

कन्नाचौककर, ह्या तीन-साडेतीन वर्षांत एकच माणूस होता की. मग तुम्हाला नाव का सांगता येत नाही?

आमच्या अपार्टमेंटसमोर ड्रेनेजचं चेंबर तुंबलं होतं. झोन ऑफिसला तक्रार दिली, ऑनलाइन दिली, मुख्य कार्यालयात जाऊन आले. प्रत्येक टेबलावर चांगलंच वागवलं, पण "साहेब मीटिंगला आहेत" ह्यापुढं गाडी जाईना. पूर्वी असं झालं की आम्ही चार बायका सकाळी सात वाजता नगरसेवकाच्या दारात उभ्या राहायचो. तो आंघोळीला जायच्या आधी फोन करायचा आणि दुपारपर्यंत गाडी यायची. मत मागायला परत त्याच दारात यायचंय, हे त्याला ठाऊक असायचं.

अधिकारी कितीही चांगला असू दे, तो तीन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यात असतो. आम्ही इथंच असतो.

यंत्रमागवाला

ताई, तुमचा नगरसेवक चांगला होता म्हणून. आमच्याकडं एका प्रभागात चार जण. पहिला म्हणतो दुसऱ्याकडं जा, दुसरा म्हणतो तो भाग माझ्या वाट्याला नाही. चौघांची तोंडं चार दिशेला. उद्घाटनाला मात्र चौघांची नावं पाटीवर.

गुडेवार साहेब आयुक्त असतानाचे दिवस आठवा की. एक माणूस काय करू शकतो ते सोलापूरनं बघितलंय. त्यांच्यासाठी लोक रस्त्यावर उतरले होते. समितीसाठी कधी कोण रस्त्यावर आलंय का बे?

सातरस्ता_वकील

चर्चा चांगली चाललीय, पण पाया पक्का असलेला बरा. म्हणून थोडं कायद्यातलं लिहितो.

आपली महापालिका १ मे १९६४ ची, चालते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ वर. ह्या कायद्यात सत्ता मुद्दाम वाटलेली आहे. सर्वसाधारण सभा म्हणजे सगळे नगरसेवक. स्थायी समिती १६ जणांची, त्यातले निम्मे दरवर्षी बाहेर पडतात. बससाठी वेगळी परिवहन समिती. आणि अंमलबजावणीचे सगळे अधिकार आयुक्ताकडे, ज्याला राज्य सरकार पाठवतं. महापौर अडीच वर्षांचा, मान मोठा, पण एका कनिष्ठ अभियंत्यालाही तो थेट आदेश देऊ शकत नाही.

म्हणजे "एक माणूस की समिती" ह्या प्रश्नाला कायद्याचं उत्तर आहे: दोन्ही. ठरवायचं अनेकांनी, करायचं एकानं.

प्रशासक आल्यावर काय झालं ते नीट बघा. सभेचे आणि स्थायीचे अधिकारही त्याच व्यक्तीकडे गेले. आयुक्त म्हणून प्रस्ताव त्यानं ठेवायचा आणि प्रशासक म्हणून मंजुरीही त्यानंच द्यायची. अंदाजपत्रक मांडणारा तोच, पास करणारा तोच. व्यक्ती कितीही स्वच्छ असली तरी ही रचना मला मान्य नाही. इथं प्रश्न विचारायला खुर्चीच शिल्लक राहिलेली नाही. संविधानाच्या कलम २४३ यू नुसार पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक व्हायला हवी, ती झाली नाही. हा आपला सगळ्यांचा तोटा आहे, नगरसेवक आवडो न आवडो.

@यंत्रमागवाला, चार जणांचा मुद्दा अगदी खरा. २०१७ ला २६ प्रभाग होते, त्यातले २४ चार सदस्यांचे आणि २ तीन सदस्यांचे. मतदारानं चार बटणं दाबायची आणि नंतर चौघांना शोधत फिरायचं. ह्यापेक्षा एक वॉर्ड, एक नगरसेवक हीच रचना जबाबदारीची होती.

बाळेकर

आयुक्त नको झाला तर काढता येतो का?

सातरस्ता_वकील

येतो. एकूण नगरसेवकांच्या पाच-अष्टमांश संख्येनं अविश्वास ठराव केला तर सरकारला त्याला परत बोलवावं लागतं. १०२ मध्ये ६४ मतं लागतात. नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथले आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध ठराव १०५ विरुद्ध ६ नं मंजूर झाला. सरकारनं तरी त्यांना लगेच हलवलं नाही, बदली पुढच्या वर्षी झाली.

यंत्रमागवाला

बघा. १०५ जण एका माणसाला घाबरले. मुंढे साहेब आपल्याकडं जिल्हाधिकारी होते तेव्हा टँकरवाल्यांचं काय झालं ते आम्ही बघितलंय. मला असा एक माणूस पुरे आहे.

डॉ_रेवती

@यंत्रमागवाला, असा माणूस आला तर पुरे. नाही आला तर? समिती वाईट निघाली तर त्यात विरोध करणारे दोन जण तरी असतात, त्यांचं म्हणणं इतिवृत्तात लागतं, पेपरात येतं. एकटा माणूस वाईट निघाला तर बंद खोलीत सगळं होतं आणि आपल्याला कळतं ते ऑडिटमध्ये, तो गेल्यावर.

जुनी_पानं

हा वाद मुंबईत दीडशे वर्षांपूर्वी रंगलेला आहे, आणि तो समजून घेतला तर आपल्याला उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितो.

१८६५ च्या कायद्यानं मुंबईत एक म्युनिसिपल कमिशनर नेमला, आर्थर क्रॉफर्ड. ज्याच्या नावाचं मार्केट आहे तोच. नियंत्रण ठेवायचं ते जस्टिस ऑफ द पीस नावाच्या नेमलेल्या मंडळींनी, आणि त्यांच्याकडून ते होत नव्हतं. क्रॉफर्डनं शहर झपाट्यानं सुधारलं, गटारं, रस्ते, स्वच्छता, बाजार. आणि तेवढ्याच झपाट्यानं तिजोरी रिकामी केली. १८७१ मध्ये करदाते खवळले. बहुतेक पुढाऱ्यांची मागणी होती की कमिशनर हे पदच नको, कारभार एखाद्या मंडळाकडे द्या.

तेव्हा पंचविशीतला एक बॅरिस्टर उभा राहिला आणि भर सभेत लोकांच्या विरोधात बोलला. फिरोजशहा मेहता. त्यांचं म्हणणं असं, की दोष एका माणसाच्या हाती कारभार दिल्याचा नाही. त्याच्यावर नजर ठेवणारं, करदात्यांनी निवडलेलं मंडळ नाही, हा दोष आहे. कारभार समितीकडे दिला तर जबाबदारी सगळ्यांत वाटली जाईल आणि कोणालाच पकडता येणार नाही. त्या दिवशी लोकांना ते पटलं नाही. पण १८७२ च्या कायद्यानं निवडून दिलेले सदस्य आले, पुढं १८८८ चा कायदा झाला, आणि वकीलसाहेबांनी वर सांगितलेली रचना त्याच मुशीतली आहे.

आता आपलं सोलापूर. आपली नगरपालिका १८५२ ची. ६ एप्रिल १९३० ला नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज लागला, हे इथल्या प्रत्येक शाळकरी पोराला माहीत असतं. तो ठराव नगरपालिकेचा होता, सगळ्यांचा. इंग्रजांनी तुरुंगात टाकलं ते अध्यक्षांना, माणिकचंद शहांना. ठराव अनेकांनी केला आणि त्याचं ओझं एकानं नाव पुढं करून उचललं. ह्या शहराला असला कारभार करता आलेला आहे.

बाळेकर

जुनी_पानं, हे वाचून अंगावर काटा आला. मे १९३० च्या सोलापुरातल्या मार्शल लॉबद्दल वेगळा धागा काढा, आम्ही वाट बघतो.

शेळगीचा_आप्पा

आणि त्या धाग्यात चार हुतात्म्यांची नावं पूर्ण लिहा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. नव्या पोरांना पुतळे माहीत आहेत, नावं माहीत नाहीत.

परदेशी_सोलापूरकर

मी सध्या इंग्लंडमध्ये आहे. इथं हा प्रश्न अक्षरशः मतपत्रिकेवर येतो, म्हणून लिहितो.

ब्रिस्टॉल शहरानं २०१२ मध्ये सार्वमत घेऊन थेट निवडलेला महापौर आणला, कारभार एका माणसाच्या हाती. दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, त्याच शहरानं परत सार्वमत घेऊन ते पद रद्द केलं आणि मे २०२४ पासून समित्यांचा कारभार सुरू केला. शेफील्डनंही २०२१ च्या सार्वमतात समित्यांच्या बाजूनं कौल दिला. लोकांची तक्रार अशी की सगळे निर्णय थोड्याच माणसांत होतात आणि आमच्या भागाच्या नगरसेवकाला विचारत नाही कोणी.

पोलिसांचंही तसंच. पूर्वी पोलिसांवर देखरेखीला मंडळ असायचं, साधारण १७ जणांचं. ते काढून २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एकेक पोलीस आणि गुन्हेविषयक आयुक्त निवडायला लागले. हेतू हाच की लोकांना एक चेहरा दिसावा. पहिल्या निवडणुकीत मतदान झालं जेमतेम १५ टक्के. आता सरकारनं जाहीर केलंय की २०२८ मध्ये हे पद बंद करणार.

चेहरा आणला म्हणजे लोक त्याला ओळखतात असं नाही, हे मी इथं पाहतोय.

कन्नाचौककर

@परदेशी_सोलापूरकर, फार उपयोगी माहिती. पण तुमच्याकडं नळाला रोज पाणी येतं. समिती मंद चालली तरी कोणाची घागर रिकामी राहत नाही. आमच्याकडं उशीर म्हणजे बाईचा अख्खा दिवस जातो.

यंत्रमागवाला

हे बरोबर बोललात.

टाकी_नंबर_एक

पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. पाण्याचं नाव काढलंत म्हणून सांगतो, की एक नाव का सापडत नाही.

सोलापूरला पाणी तीन ठिकाणाहून येतं. एक, उजनीहून थेट जलवाहिनी. दोन, भीमा नदीवरून टाकळीला उचललेलं. तीन, हिप्परगा म्हणजे एकरुख तलाव, इंग्रजांच्या काळातला. टाकळीला पाणी हवं तर उजनीतून नदीत सोडावं लागतं, ते वाहत येऊन औज आणि चिंचपूरचे बंधारे भरतं, मग आपण उचलायचं. वाटेत नदीकाठचा शेतकरी आहे, बाष्पीभवन आहे, मुरणं आहे. शहराला लागतं त्याच्या कितीतरी पट पाणी सोडावं लागतं. सोडायचं कधी, आवर्तन किती, हे ठरवते कालवा सल्लागार समिती, म्हणजे मंत्री, आमदार, जलसंपदाचे अधिकारी. तिथं महापालिका मागणारी आहे, ठरवणारी नाही. ही धडपड संपावी म्हणून तर समांतर जलवाहिनी, म्हणजे उजनीहून दुसरी थेट वाहिनी.

पाणी शहरात आलं की पुढचं गणित वेगळं. टाकी भरली का, दाब किती, कोणता भाग आधी. हे ठरतं टाकीवर आणि व्हॉल्व्हवर. हद्दवाढ भागात वस्ती वाढली तशा लाइनी ओढल्या, टाक्या मागाहून आल्या. चावीवाल्यानं अर्धा तास आधी बंद केलं तर शेवटच्या गल्लीला थेंब नाही. मोठा निर्णय समितीचा असला तरी पाणी मिळालं की नाही हे तिथं त्या चावीवाल्याच्या पान्यावर ठरतं.

म्हणून माझं म्हणणं: उजनीचं पाणी कसं वाटायचं हे एका माणसानं ठरवू नये, कधीच नाही. तिथं शेतकरी आहे, पंढरपूर आहे, साखर कारखाने आहेत, शहर आहे. सगळ्यांना समोरासमोर बसवूनच ते ठरलं पाहिजे, वेळ लागला तरी. पण एका टाकीखालच्या भागाला वेळापत्रकाप्रमाणे पाणी देणं हे मात्र एकाच अभियंत्याचं काम असावं. त्याचं नाव आणि नंबर टाकीच्या भिंतीवर रंगवा. मी नोकरीत असताना एका टाकीवर आम्ही हे केलं होतं. लोक रात्री अपरात्री फोन करायचे, खूप बोलायचे, पण गळती कुठं आहे हे आम्हाला आमच्या माणसांपेक्षा आधी त्यांच्याकडून कळायचं.

डॉ_रेवती

टाकी_नंबर_एक, हा धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद आहे. भिंतीवर नाव रंगवायला ना कायदा बदलावा लागतो ना निवडणूक लागते.

गड्डाप्रेमी

समितीला सगळे नावं ठेवालेत म्हणून बोलतो. सिद्धेश्वर देवस्थानला पंच कमिटी आहे. संक्रांतीची यात्रा, सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची मिरवणूक, अक्षता सोहळा, होम मैदान, लाखो माणसं. कोणती काठी कोणाची, मान कोणाचा, कोण कुठं वळणार, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. कमिटी आहे आणि प्रत्येक कामाला माणूसही आहे. म्हणून ते चालतं.

बाकी गड्ड्यात, म्हणजे ह्या यात्रेच्या जत्रेत, वांगं घातलेली भजी कुठं मिळतात ते कोणाला माहीत असेल तर सांगा, समिती नेमू नका.

शेळगीचा_आप्पा

भज्यांचा निर्णय एका माणसाच्या हाती. माझ्या. होम मैदानावर भेटा.

मनपा_शाळा

मी शिक्षिका आहे. शाळांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

पूर्वी महापालिकेचं शिक्षण मंडळ होतं, त्याला सभापती, सदस्य. २०१३ मध्ये कायदा बदलून राज्यभरातली ही मंडळं बंद करायचं ठरलं आणि शाळा प्रशासनाकडे गेल्या. बाहेरून वाटतं की समिती गेली. पण शाळेच्या पातळीवर आरटीईनं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं, दुसरी समिती आणली, शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला असायला लागतात.

आमच्या शाळेत ही समिती बरीच वर्षं फक्त रजिस्टरमध्ये होती. बहुतेक आया विड्या वळतात. सभेला येणं म्हणजे तेवढ्या विड्यांची मजुरी बुडणं. मग एका मुख्याध्यापकांनी सभेची वेळ बदलली. विड्या कारखान्यात देऊन बाया परत येतात त्या वेळेला सभा ठेवली. पहिल्याच सभेत मुलींच्या स्वच्छतागृहाचा विषय निघाला, जो आम्ही शिक्षक कागदावर लिहून थकलो होतो. एक आई थेट अधिकाऱ्यांसमोर उभी राहून तेलुगू-मराठी मिसळून बोलली, आणि दार बसलं, पाणी आलं.

ते मुख्याध्यापक बदलून गेल्यावर सभेची वेळ परत सकाळची झाली. बाया येईनाशा झाल्या.

माझ्या लेखी ह्यात समितीचंही खरं आहे आणि एका माणसाचंही. समितीशिवाय त्या आईला बोलायला जागा नव्हती, आणि त्या एका माणसाशिवाय समितीला जीव नव्हता. माणूस बदलला तरी सभेची वेळ बदलता येणार नाही, असं काही लिहून ठेवता आलं असतं तर हे टिकलं असतं.

सुलभा_जुळेसोलापूर

मनपा_शाळा, डोळ्यांत पाणी आलं. तुमची ती आई समितीवर आहे अजून?

मनपा_शाळा

मुलगी सातवी होऊन दुसऱ्या शाळेत गेली, म्हणून आई समितीतून बाहेर. पण मुलगी दहावीला आहे आता.

यंत्रमागवाला

बसचं कोण बोलणार? परिवहन समिती होती तरी बस गेल्या. केंद्राच्या जेएनएनयूआरएम शहर योजनेतून नव्या कोऱ्या गाड्या आल्या, चेसिसला तडे गेले, डेपोत गंजत उभ्या राहिल्या. होटगी रोड, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जाणारा कामगार रिक्षाला पैसे घालतोय. बस ही गरिबाची वस्तू होती. ती गेली आणि एकाचंही नाव पुढं आलं नाही.

सातरस्ता_वकील

परिवहन समितीबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. कायद्याप्रमाणे १२ सदस्य सभा नेमते आणि स्थायीचे सभापती तेरावे. ते १२ जण नगरसेवकच असले पाहिजेत असं बंधन नाही. वाहतूक, अभियांत्रिकी, उद्योग, अर्थ, कामगार ह्यांतला अनुभव असलेला बाहेरचा माणूसही चालतो. एमआयडीसीतला कामगार प्रतिनिधी, निवृत्त डेपो मॅनेजर, अभियांत्रिकी महाविद्यालयाचा प्राध्यापक असे लोक तिथं बसू शकतात. सगळीकडे होतं असं की पक्ष ज्यांना तिकीट देऊ शकले नाहीत त्यांची सोय ह्या जागांवर लावतात. ह्यात कायदा मोडलेला नसतो, त्याचा हेतू मोडलेला असतो. उमेदवार दारात येतील तेव्हा विचारा, परिवहन समितीवर तुम्ही कोणाला पाठवणार?

कन्नाचौककर

सगळं वाचलं, काही प्रतिसाद दोनदा वाचले. मला अजूनही एक नाव हवंच आहे, त्यावरून मी हलणार नाही. पण टाकी_नंबर_एक आणि मनपा_शाळा ह्यांच्यानंतर ते नाव कुठं हवं हे जास्त स्पष्ट दिसतंय. वर मंत्रालयातून आलेलं एक नाव नको, खाली टाकीवर, बसमार्गावर, शाळेत हवं. आणि त्या नावाला जाब विचारणारी बैठक उघड्यावर हवी. वकीलसाहेब, अशी बैठक घ्यायला कायद्यात जागा आहे का?

सातरस्ता_वकील

आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली. तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात प्रभाग समित्या असल्याच पाहिजेत, असं ती म्हणते. आपल्या अधिनियमात कलम २९ अ आहे. प्रभाग समितीत त्या भागातले नगरसेवक, त्या भागाचा प्रभारी अधिकारी, आणि स्वयंसेवी संस्था किंवा वस्ती संघटनांमधले जास्तीत जास्त तीन नामनिर्देशित सदस्य. म्हणजे तुमचे अनेक जण आणि तुमचा एक जबाबदार अधिकारी एकाच टेबलावर. ह्या तीन जागांसाठी वस्तीतल्या संघटनांनी आधीच तयारी करायला हवी. नाहीतर तिथंही सोयीची माणसं बसतील.

सुलभा_जुळेसोलापूर

आमचं महिला मंडळ नोंदणीकृत आहे. आम्ही अर्ज करू.

शेळगीचा_आप्पा

आमच्याकडं नोंदणी कोणाचीच नाही, तरुण मंडळ आहे फक्त. वकीलसाहेब, निवडणुकीच्या आधी नोंदणी होईल का? कागद काय काय लागतात?

सातरस्ता_वकील

आप्पा, सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात जावं लागेल. घटना, सदस्यांची यादी, ओळखपत्रं, जागेचा पुरावा घेऊन या, मी कागद बघून देतो. निवडणुकीआधी नाही झालं तरी चालेल, समित्या निवडणुकीनंतरच बसतात. रविवारी सकाळी ऑफिसला असतो.

टाकी_नंबर_एक

आप्पा, तुमच्या भागातल्या टाकीचं पाणी कोणत्या गल्लीला किती वाजता सुटतं आणि किती वेळ टिकतं, हे पोरांना आत्तापासून वहीत लिहायला सांगा. पहिल्या बैठकीला तीच वही घेऊन जा.

यंत्रमागवाला

वही आमच्या भागातही सुरू करतो. पण साहेब गुडेवारांसारखाच पाहिजे.